क-एकोणीस

मोरेश्वर हेडाऊ दर तिसऱ्या दिवशी बायकोला जेवू घालायचा. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यामुळे या नेमात खंड पडायचं काही कारण नव्हतं, निदान मोरेश्वरच्या मते तरी.

नागपूरच्या बाहेर, वर्धा रस्त्यावर, त्याच्या संस्थेची चार मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर पेशी वाढवायची प्रयोगशाळा होती आणि मोरेश्वर तिथला सर्वांत जुना तंत्रज्ञ. सदतीस अंशांवर ठेवलेल्या एका पेटीत, तळहाताएवढ्या चपट्या प्लास्टिकच्या बाटलीत, कुंदाच्या कातडीच्या पेशी वाढत होत्या. बाटलीवर लिहिलं होतं 'क-१९'. क म्हणजे कातडी, आणि नमुना देणारं एकोणिसावं माणूस. देणाऱ्याचं नाव कुणाला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. ज्या डॉक्टरांनी नमुना घेतला तेही आता हयात नव्हते. त्यामुळे क-१९ म्हणजे कुंदा हेडाऊ, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मोरेश्वर आणि दुसरी त्याची मुलगी मृणाल.

नमुन्याची गोष्ट त्यानंच कुंदाच्या गळी उतरवली होती. निरोगी माणसं मिळता मिळत नव्हती, साहेब रोज विचारत होते.

"तांदळाच्या दाण्याएवढी कातडी घेतात, दंडावरची. काही दुखत नाही," तो म्हणाला होता.

"तुमचं काहून दुखेल? दंड माझा आहे," असं म्हणून तिनं बाही वर केली होती.

पुढल्याच वर्षी मे महिन्यात कुंदाला जनगणनेचं काम लागलं. शिक्षकांना लागतंच. कामठीच्या एका गल्लीत दुपारी दीडला तिला गरगरलं आणि ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, बाई दम खात बसल्या आहेत. कुणाला हाक मारावी, पाणी मागावं, हा तिचा स्वभावच नव्हता. मोरेश्वरचा फोन नियमाप्रमाणे प्रयोगशाळेबाहेरच्या कप्प्यात होता. त्यानं तो बाहेर काढला तेव्हा सहा वाजून गेले होते आणि त्यावर सतरा मिस्ड कॉल होते.

महिनाभरानं तो कामावर आला, पेटी उघडली, तर क-१९ बाटलीचा तळ भरून पसरलेली. त्या दिवशी तो प्रयोगशाळेत उभ्या उभ्या रडला. आणि मग त्यानं आपलं आयुष्य त्या बाटलीभोवती लावून घेतलं.

आधी बाकीच्या सगळ्या पेशींचं खाणंपिणं उरकायचं आणि सगळ्यांत शेवटी, घाई नको म्हणून, क-१९ काढायची. पेशींना अन्न पुरवणारं, शिळं झालेलं गुलाबी पाणी पिपेटनं ओढून घ्यायचं, ताजं घालायचं, आणि तोंडावरच्या मास्कमागून हळूच बोलायचं. तुरीच्या डाळीचा भाव, शेजारच्या ठवकरांची भांडणं, मृणालला पाहायला आलेली मंडळी. घरी तो दिवसचे दिवस तोंड उघडत नसे. घरी होतंच कोण?

मृणाल लग्न होऊन कोचीला गेली. पाच वर्षांत मोरेश्वर तिच्याकडे एकदाही राहायला गेला नाही. तिसरा दिवस आड यायचा. आता तिला मुलगी झाली होती.

"बाबा, पुढच्या रविवारी बारसं आहे. येऊन राहिले ना तुम्ही?"

"पाहतो."

"तुमचं पाहतो म्हणजे नाही."

"तसं नाही गं. इथं दुसरं कोणी नीट..."

"आईला कोण जेवू घालेल, हेच ना?" मृणालचा आवाज चढला. "आई गेली, बाबा. त्या बाटलीत कोण बसून आहे तुमच्या?"

त्यानं विषय बदलला आणि तिचा नि बाळाचा जनुकांचा रिपोर्ट मागितला. बाळंतपणाच्या आधी-नंतर अशी तपासणी आता सगळीकडेच होत होती.

"काहून पाहिजे?"

"बारशाची भेट करून राहिलो एक," तो म्हणाला. मृणालनं रिपोर्ट पाठवून दिला.

त्या वर्षी नागपुरात एप्रिलातच पारा अठ्ठेचाळीसला टेकला होता. अकरा ते पाच उघड्यावर काम करायला सरकारची बंदी होती, आणि अकरा ते पाच उघड्यावर कामं चालूच होती. संस्थेत मात्र सगळे आनंदात होते, कारण 'निवांत' तयार झालं होतं.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध आणि हाडं आठवतात. पण प्रत्येक पेशीत कॅल्शियमला आणखी एक काम असतं, निरोप पोचवण्याचं. एरवी पेशी त्याला आत फिरकू देत नाही, थोडा साठा तेवढा आतल्या एका कोठीत कोंडून ठेवते. ऊन, मार, विष, कसलंही संकट आलं की त्या कोठीची दारं उघडतात, कॅल्शियम पेशीभर धावतं आणि सगळीकडे खबर जाते की दुरुस्तीला लागा. मग तापानं वेडीवाकडी झालेली प्रथिनं सरळ करणारी दुसरी प्रथिनं बनू लागतात. संकट टळलं की दारं मिटतात. पण दारं उघडीच राहिली, तर पेशी आशा सोडते आणि स्वतःला संपवते. उष्माघातात पुष्कळ पेशी उन्हानं मरत नाहीत, या न थांबणाऱ्या आरडाओरड्यानं मरतात.

डॉ. शाहीन काझींनी शोधलेलं संयुग या कोठीच्या दारावर हात ठेवायचं. कागदोपत्री त्याचा नंबर एक्केचाळीस होता, निवांत हे प्रयोगशाळेतल्या पोरांनी पाडलेलं नाव. मात्रा बरोबर पडली तर दार उघडायचं, खबर पोचायची आणि दार पुन्हा मिटायचं. मात्रा जास्त झाली तर दार उघडतच नसे. संकट आलंय हे मग पेशीला कळायचंच नाही. दुरुस्ती नाही, हालचाल नाही, वरून पाहावं तर सगळं शांत, आणि थोड्या वेळानं पेशी मेलेली.

म्हणून माणसाला जास्तीत जास्त किती द्यायचं, हा खरा प्रश्न होता. ती मर्यादा पाच जणांच्या पेशी तापवून ठरवली गेली, आणि त्यातही भिस्त होती क-१९ वर. "हेडाऊजींच्या पेशींवर डोळे मिटून भरवसा ठेवावा," असं डॉ. काझी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. चाळीस मिलिग्रॅमपर्यंत क-१९ ला काही होत नव्हतं. त्यावरून चाळीसची गोळी ठरली. बारशानंतरच्या सोमवारपासून ब्रह्मपुरीकडच्या रस्त्याच्या कामावर चाळीस मजुरांना ती द्यायची होती.

माणसांवर चाचणी म्हटल्यावर पेशींची ओळख पटवणं आलं. त्यासाठी संस्थेत नवं यंत्र आलं होतं. जनुकांतल्या सोळा जागा ते तपासायचं. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. क-१९ चा नमुना मोरेश्वरनंच यंत्रात घातला. तासाभरात निकाल आला. स्त्रीच्या पेशी, भेसळ नाही, माहितीतल्या कुठल्याही पेशींशी मेळ नाही. पास. दहा वर्षांपूर्वी कुणाचे आकडे काढून ठेवायची पद्धत नव्हती, त्यामुळे यंत्राला याहून जास्त काही विचारण्यात अर्थ नव्हता.

डॉ. काझींनी सही केली. मोरेश्वरनं मात्र निकालाची एक प्रत स्वतःसाठी काढून घेतली.

त्याच्या मनात एक चौकट होती. वर आजीचे सोळा आकडे, मधे आईचे, खाली बाळाचे, आणि आजीकडून आईला नि आईकडून नातीला आलेला प्रत्येक आकडा लाल. बारशाला दुसरं काय न्यावं हे त्याला सुचतही नव्हतं. सोमवारी दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तो लाल पेन घेऊन बसला. मृणालचा आणि बाळाचा मेळ झकास बसला, सोळाच्या सोळा. मग वरची ओळ. पहिल्या जागी कुंदाचा एकही आकडा मृणालमध्ये नव्हता. दुसऱ्या जागी होता. तिसऱ्या जागी नव्हता, चौथ्या जागी नव्हता.

आईचा निदान एक आकडा लेकीत प्रत्येक जागी सापडलाच पाहिजे. इथं सात जागी पत्ताच नव्हता. क्षणभर त्याच्या मनात आलं, दवाखान्यात पोर तर बदललं नाही? मग मृणालचं हुबेहूब कुंदाचं नाक आणि तिच्यासारखंच एका वाक्यात समोरच्याला गप्प करणं आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली. लेक कुंदाचीच होती. बाटलीतल्या पेशी कुंदाच्या नव्हत्या.

जुनी रजिस्टरं काढायला त्याला संध्याकाळ लागली. सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत क-१९ खंगली होती. पेशी म्हाताऱ्या होऊ नयेत म्हणून जी युक्ती करतात ती आधीच करून झाली होती, तरीही त्या तळापासून सुटून येत होत्या. त्या आठवड्यात गुलाबी पाण्याचा तुटवडा होता. प्रत्येक पेशींना स्वतंत्र बाटलीतलं पाणी द्यायचं, हा नियम मोरेश्वर स्वतः पोरांना शिकवायचा. पण त्या दिवशी सगळ्यांचं उरकून झालं तेव्हा शेवटच्या क-१९ साठी क-२३ च्या बाटलीतलं उरलेलं पाणीच शिल्लक होतं. बुडत्या जिवाला उपाशी कसं ठेवायचं? त्यानं ते घातलं. त्यात क-२३ ची एखादी धडधाकट पेशी असणार. एक पुरते.

आणि पुढच्या आठवड्यात क-१९ ला टवटवी आली होती. त्याला ते लख्ख आठवत होतं, कारण त्या दिवशी त्यानं अख्ख्या मजल्याला पेढे वाटले होते. मुलीचं लग्न जमलं, असं खोटंच सांगून. कुंदा दुसऱ्यांदा गेली त्या आठवड्यात तिच्या नवऱ्यानं पेढे वाटले, आणि त्यातले दोन स्वतः खाल्ले.

रजिस्टरात क-२३ पुढे लिहिलं होतं, स्त्री, वय सव्वीस, वीटभट्टी कामगार. क-२३ ची स्वतःची वाढ पुढल्याच वर्षी बंद झाली होती, म्हणून यंत्राला मेळ सापडला नव्हता. भट्टीच्या धगीत वाढलेल्या कुणा मुलीला मोरेश्वर सहा वर्षं डाळीचे भाव सांगत होता. त्याला हसू आलं आणि मग फार एकटं वाटलं. कुंदा गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा बाटली होती.

मंगळवारी तो गप्प राहिला. पेटी उघडली, पाणी बदललं, डाळीचा भाव मात्र सांगितला नाही. कुणालाच काही कळणार नव्हतं. यंत्रानं पास केलं होतं, मॅडमनी सही केली होती. पण भट्टीवरच्या मुलीच्या पेशी चाळीसची मात्रा सोसतात, म्हणून कुंदासारख्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या सोसतीलच असं कुठे होतं?

शिवाय त्याच्याजवळ आणखी एक गोष्ट होती. पाच वर्षांपूर्वी द्रव नायट्रोजनची टाकी कोरडी पडत आली होती आणि जुन्या कुप्या टाकून द्यायचा हुकूम निघाला होता. क-१९ च्या अगदी पहिल्या महिन्यात गोठवलेल्या सहा कुप्या होत्या. मोरेश्वरनं रजिस्टरात सहा टाकल्याचं लिहिलं आणि पाच टाकल्या. पस्तीस वर्षांच्या नोकरीतली त्याची ही एकुलती एक चोरी. सहावी कुपी टाकीच्या तळाशी, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांत होती. तिच्यात खरी कुंदा होती. तो गप्प राहिला तर ती तिथंच राहणार होती, तो असेपर्यंत.

बुधवारी ब्रह्मपुरीच्या मजुरांच्या, चाचणीआधी घेतलेल्या रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम त्याच्याकडे आलं. या नळ्यांवर नंबर नव्हते, नावं होती. रंजना मेश्राम, वय त्रेचाळीस. लहानू गेडाम. शेवंता कोल्हे, वय सत्तेचाळीस. मोरेश्वरनं चाळीसही चिठ्ठ्या चिकटवल्या. गुरुवारी सकाळी तो डॉ. काझींच्या दारात उभा राहिला.

"या हेडाऊजी. शेवटी रजेचा अर्ज आणलात की काय?"

"नाही मॅडम. सोमवारची चाचणी थांबवा."

त्यानं दोन कागद टेबलावर ठेवले. त्यांनी ते पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे कुणाचे आकडे?"

"ही माझी मुलगी. आणि ही क-१९."

"पण तुमच्या मुलीचा आणि क-१९ चा काय..." त्या मधेच थांबल्या.

"माझी बायको. म्हणजे, असायला पाहिजे होती."

मग त्यानं सगळं सांगितलं. पाणी, तुटवडा, पेढे. डॉ. काझींच्या आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे, हेडाऊजी."

"हो मॅडम."

"चाळीस माणसं होती."

"त्यांची नावं पाठ आहेत मला," मोरेश्वर म्हणाला.

त्यांनी फोन उचलला आणि चाचणी थांबवली. दहा मिनिटं त्या कुणाकुणाशी बोलत होत्या. मग फोन ठेवून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"नवे नमुने, नवी वाढ, पुन्हा सगळं मोजायचं. सहा महिने. म्हणजे हा उन्हाळा गेला. मागच्या उन्हाळ्यात विदर्भात अकराशे माणसं गेली, आणि गोळी तयार आहे. फक्त किती द्यायची ते ठाऊक नाही."

त्या त्याच्याकडे काही मागत नव्हत्या. त्यांना कुपीचा पत्ताही नव्हता. मोरेश्वरनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि कुपीबद्दल सांगितलं.

"किती असतील तिच्यात?"

"चार लाख भरल्या होत्या. टाकी कोरडी पडली होती त्याचा फटका बसला असणार. लाखभर जगल्या तरी पुष्कळ."

"म्हातारपणावरची ती युक्ती न केलेल्या, कच्च्या पेशी आहेत. वाढायच्या नाहीत. आणि एकदा बाहेर काढल्या की पुन्हा गोठवून चालणार नाही."

"ठाऊक आहे. मीच शिकवतो पोरांना."

"विचार करा. आज नका सांगू," डॉ. काझी आता हलकेच म्हणाल्या. "आणि करायचंच झालं तर तुम्ही नका करू. आदितीला सांगते मी."

"माझ्याच हाताखालची पोरगी आहे, आदिती चुकणार नाही. पण मीच करतो," तो म्हणाला. "आताच."

कुपी कोमट पाण्यात धरली की दोन मिनिटांत वितळते. हातानं सारखी हलवत राहावी लागते. मोरेश्वरनं ती एका लयीत हलवली, ते त्याचं कामच होतं. थोड्या पेशी त्यानं ओळख पटवायला यंत्रात दिल्या. या वेळी मृणालशी सोळाच्या सोळा जागा जुळल्या. उरलेल्या त्यानं एका लहान तबकडीतल्या सहा खळग्यांत वाटून ठेवल्या. तळाला नीट चिकटायला त्यांना तीन दिवस लागणार होते. म्हणजे रविवार. त्यानं मृणालला कळवलं, रविवारी जमत नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी तो तबकडीजवळ बसून राहिला. आता बोलायला हरकत नव्हती, ती खरीच तिथं होती. पण सहा वर्षांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं तर वेळ कुठे होता? त्यानं एवढंच सांगितलं की मृणालला मुलगी झाली.

रविवारी सकाळी आठला काळोख्या खोलीत तो आणि डॉ. काझी पडद्यासमोर बसले. पेशींना एक रंग पाजलेला होता. आतलं कॅल्शियम वाढलं की तो हिरवा उजळायचा. तापमान त्रेचाळीसवर नेलं. पहिल्या दोन खळग्यांत चाळीसची मात्रा होती. तिथं काहीच उजळलं नाही. काळा पडदा काळाच राहिला. बेचाळीस मिनिटांनी त्या पेशी मेल्या होत्या, एकदाही न उजळता. मोरेश्वरनं मान खाली घातली. कामठीच्या पायरीवरही ती अशीच बसली असणार.

पुढच्या दोन खळग्यांत पंचवीसची मात्रा होती, त्यातही फार फरक पडला नाही. शेवटच्या दोन खळग्यांत बाराची होती. तिथं दुसऱ्याच मिनिटाला हिरवा उजेड फुटला. एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असा तो सगळ्या पडद्यावर सरकत गेला. कुंदा ओरडत होती. अख्ख्या संसारात ती कधी ओरडल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग हळूहळू उजेड ओसरला, आणि पेशी जिवंत होत्या.

"बारा," डॉ. काझी म्हणाल्या. "हेडाऊजी, चाळीस दिली असती तर..."

"लिहून घ्या मॅडम," मोरेश्वर म्हणाला.

दुरुस्तीची प्रथिनं किती तयार झाली हे मोजायला जगलेल्या पेशीही फोडाव्या लागतात. ते झाल्याशिवाय समिती मात्रा मान्य करत नाही. वाचलेल्या पेशींवर त्या फोडणाऱ्या रसायनाचा थेंब मोरेश्वरनं स्वतः सोडला. नंतर नियमाप्रमाणे तबकडी कचऱ्याच्या भट्टीत गेली. भट्टीवरच्या मुलीची बाटलीही त्यानं तिच्याबरोबर दिली. दुपार टळल्यावर कप्प्यातून फोन काढून तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं कोचीला फोन लावला.

"झालं बारसं?" त्यानं विचारलं.

"झालं. रेवा ठेवलं." मृणालचा आवाज कोरडा होता. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

"छान आहे. मृणाल, तुला एक सांगायचं आहे. तुला आधी विचारायला पाहिजे होतं, ती तुझीही होती. मी विचारलं नाही."

त्यानं सांगितलं. चूक आधी, मग कुपी, मग सकाळची गोष्ट. गलका मागे पडत गेला, बहुतेक ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"म्हणजे आता काहीच नाही उरलं?"

"नाही."

"किती वेळ लागला?"

"सगळं मिळून सव्वा तास."

ती रडत होती हे त्याला ऐकू आलं. मग तिनं विचारलं, "तुम्ही होते ना जवळ?"

"होतो," मोरेश्वर म्हणाला. "शेवटपर्यंत होतो."

तिकडे बाळ रडायला लागलं. "थांबा बाबा, ठेवू नका," असं म्हणून मृणालनं फोन तसाच कुठेतरी टाकला आणि ती धावली. बाळ जिवाच्या आकांतानं रडत होतं. मग कुणीतरी त्याला उचललं असावं, कारण रडणं जवळ आलं, हुंदक्यांवर आलं, आणि थांबलं. फोनवर आता कुणीच बोलत नव्हतं. मोरेश्वर पायरीवर तसाच, फोन कानाला धरून बसून राहिला.